वीतभर बोकड

१९६८ सालचा वैशाख. जतला आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा सोमवारी आणि गुरुवारी, आणि त्या दिवशी होता बुधवार, म्हणून मी निवांत होते. शाळेला सुट्टी असल्यामुळे हे परसदारी आरसा टेकवून सावकाश दाढी करत होते. मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. आमच्याकडे कडी वाजवून कुणी येत नाही. दूधवाली रस्त्यातूनच हाक मारते, शेजारणी तर बोलत बोलतच आत शिरतात. रवी तशीच सोडून गेले, तर दारात टँकरचा ड्रायव्हर धुळा सरगर उभा.

हा धुळा टँकरच्या टपावर चढला की गल्लीचा फौजदार व्हायचा. "ओ काकू, दोनच घागरी! घरात हत्ती बांधलाय व्हय?" असं कुणालाही सुनवायचा, आणि बायका त्याला शिव्या देता देता हसायच्या. सव्वीस-सत्तावीसचं वय, उन्हानं करपलेला, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. धनगराचंच पोर ते. तोच धुळा आता मुंडासं हातात धरून पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यापुढची माती उकरत होता.

"वैनी, गुरुजींकडं न्हाई, तुमच्याकडंच काम हाय. तुमी विंग्रजी वाचताय म्हणं."

मी सांगलीला कॉलेज केलंय, ही बातमी टँकरच्या रांगेतून त्याच्यापर्यंत गेली असणार. त्यानं अंगरख्यातून एक घडीचा कागद काढला. पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसा त्यानं लोखंडी पट्टीवर कागद ठेवून वर कोळसा घासला होता. काळ्या पट्ट्यात पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली होती, चार आकडे होते, आणि आकड्यांच्या आधी एक खूण. तीन रेघा, वरती एका टोकाला मिळालेल्या. बाणाच्या टोकासारखी.

"हे आकडं र्‍हाऊंद्यात," त्यानं खुणेवर बोट ठेवलं. "ही आमची हाय."

"तुमची म्हणजे?"

"आमच्या मेंढरांची खूण. कावळपाय. धा कळप एका पाणवठ्यावर आलं की मेंढरं निवडायची कशी? मग जेच्या त्येच्या घरची खूण आसती. कावंनं, लाल मातीनं पाठीवर काढत्यात. आमच्या सरगराच्यात कावळपाय. ही गाडी मिलटरीची हाय वैनी, आमच्या मालकानं, नानासोंनी लिलावात घेतलेली. तिच्या पट्टीवर आमचा कावळपाय कुणी काढला? बिराप्पा बिगर कोन काढंल?"

बिराप्पा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. सैन्यात ड्रायव्हर होता, चीनच्या लढाईत आसामाकडे गेलेला. बासष्टच्या दिवाळीनंतर त्याचं पत्र नाही. पुढे सरकारी कागद आला, त्यात लिहिलं होतं 'बेपत्ता'. पोस्टमास्तरांनी आईला, हरणाबाईला, अर्थ सांगितला, "म्हातारे, तुझा लेक हरवला." त्यावर ती म्हणाली होती, "मेंढरू हरवतं, मास्तर. मानूस कसा हरवंल?"

सहा वर्षं झाली. शेताच्या बांधावर बापाच्या नावाचा दगड आहे. त्याच्याशेजारी बिराप्पाचा दगड बसवायचा की नाही, हे ठरत नव्हतं. दगड बसवावा तर मेला असं आपणच म्हटल्यासारखं होतं. न बसवावा, तर गावाची तोंडं होतीच. "पळाला आसंल," लोक म्हणायचे. "तिकडंच बाई ठेवली आसंल. न्हाईतर सरकारानं मेला म्हणून नसतं का लिवलं?" हे हरणाबाईला पाणवठ्यावर ऐकावं लागायचं. ती नुसती घागर उचलायची.

"तवा एवढंच बगायचं वैनी," धुळा म्हणाला. "ही गाडी कुटं कुटं गेलती, आन बिराप्पाच्या हातात हुती का. पळाला का मेला, कायबी एक कळूंदे. आई दोन्ही मधी लोंबकळून र्‍हायलीया."

हे अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मागे येऊन उभे राहिले होते. आमचं तिघांचंही ताक त्या दिवशी तसंच राहिलं.

गाडी पाहायला गेलो ती त्याच संध्याकाळी. इतके महिने मी तिच्यातून पाणी घेतलं, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बसकं, चपटं नाक. डोळे जवळ जवळ. वरून नानासोंनी दिलेला निळा रंग. धुळ्यानं मला ड्रायव्हरच्या बैठकीमागे नेलं. कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी त्यानं विळ्याच्या टोकानं पैशाएवढा रंग खरवडला होता, पण सरळ खोल नाही, उतरत्या पायऱ्या केल्यासारखा. वर निळा. त्याखाली हिरवा. त्याखाली मातकट पिवळा. त्याखाली पुन्हा हिरवा, पण काळपट, दाट जंगलासारखा. मग लोखंड.

"मेंढरू किती वर्साचं हाय ते दातावरनं कळतं," तो म्हणाला. "हिचं रंगावरनं बगायचं म्हटलं. चार मालक न्हवं, चार मुलूख झाल्यात हिचं."

पैशाएवढ्या त्या जागेकडे मी पाहतच राहिले. चौथीनंतर शाळा सोडलेल्या माणसानं, कुणी न शिकवता, लोखंडाला बोलतं केलं होतं. ह्यांनी पिवळ्या रंगावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "हा वाळवंटाचा असणार."

मी इंग्रजीत पत्रं लिहिली. गाडी जिथून विकली गेली त्या डेपोला एक, मग आठवण म्हणून दुसरं. धुळा टँकर घेऊन आला की टपावरूनच विचारायचा, "वैनी, आलं का?" आणि रांगेतल्या बायकांना वाटायचं, माझ्या माहेराहून काहीतरी यायचंय. उत्तर आलं भाद्रपदात. सभ्य उत्तर होतं. गाडी १९४३ साली परदेशात तयार झाली, १९६६ साली लिलावात दिली गेली, मधल्या नोंदी विक्रीनंतर ठेवत नाहीत. मी मराठीत करून सांगितलं.

धुळ्यानं बोटांवर मोजलं. "तेवीस वर्सं, आन दोन वळी?"

"दोनच."

"लिवणारा लय घाईत दिसतोय."

पण तो थांबणाऱ्यातला नव्हता. ह्यांच्या शाळेत दहिवडीकडचे एक शिक्षक होते. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे धोंडिराम बनसोडे म्हणून हवालदार आहेत, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, आता पेन्शनीत आहेत, त्यांना दाखवा. आश्विनात चार सरी पडल्या होत्या, टँकरला काम उरलं नव्हतं, आणि गिअर करकरत होते. धुळ्यानं नानासोंना गळ घातली की मिलटरीचं दुखणं मिलटरीच्याच वैद्याला कळणार. नानासो म्हणाले, "जावा. पर दिवाळीला मला गाडीला रंग द्यायचाय, तवर आना."

अशी मी आयुष्यात एकदाच लष्करी गाडीत बसले. मध्ये हे, खिडकीशी मी, मांडीवर दशम्यांचा डबा. दिघंची गेली, म्हसवड गेलं, दोन्हीकडे माळ. गाडी चढाला लागली की तिचा आवाज असा काही खोल व्हायचा की मी बोलणं थांबवायची. हिनं याहून कितीतरी मोठे चढ पाहिलेत, असं राहून राहून मनात यायचं.

बनसोडे हवालदार पन्नाशीचे, ताठ, मिशा बारीक कातरलेल्या. सोप्यात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पलटणीचा फोटो. गाडीचा आवाज ऐकून ते आधीच बाहेर आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरा घातला. मग तिच्या नाकावर हात ठेवला.

"जलम कवाचा?"

"त्रेचाळीसचा," मी म्हटलं.

"मी बी त्याच साली भरती झालो. जोडीदारीण हाय माझी." आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "बायडाबाई, पावनं आलंत. च्या टाका."

धुळ्यानं कावळपायाची सगळी हकिकत सांगितली. हवालदारांनी पूर्ण ऐकून घेतलं. बायडाबाईंनी चहा आणला. हवालदारांनी आपला पांढरा मग घटाघटा रिकामा केला आणि उलटा करून धुळ्यापुढे धरला. मगाच्या बुडावर तीच खूण होती. तीन रेघा, एका टोकाला मिळालेल्या.

"ही सरकारची खूण हाय, गड्या. विंग्रजाच्या वक्तापास्नं. गाडीवर, तंबूवर, चमच्यावर, बादलीवर. जे जे मिलटरीचं, त्येच्यावर ही."

मला माझाच राग आला. सहा महिने मी त्याच्याबरोबर नाचले, आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. धुळ्यानं तो मग हातात घेतला, उलटा सुलटा केला, खुणेवरून अंगठा फिरवला.

"म्हंजे सरकारबी मेंढरं राखतंय तर," तो म्हणाला.



हवालदारांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ते गाडीखाली शिरले. गिअरच्या पेटीवर बसवलेली एक छोटी पितळी पट्टी त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं पुसली. बराच वेळ त्यांचे पायच तेवढे दिसत होते. मग आतून आवाज आला, "तेजपूर. जानेवारी त्रेसष्ट." ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "तवा मी तितंच हुतो, बाई. आसामात, डोंगराच्या पायथ्याला. वरनं मोडून आलेल्या गाड्यांची पेटी आमीच बदलायचो. हिची बी कदाचित माझ्याच हातनं बदलली आसंल. शंभरावर बदलल्या, कसं ध्यानात र्‍हाणार?"

गाडी तिकडे होती, एवढं तरी पक्कं झालं. हवालदारांनी विचारलं, "भावाची कंपनी कुठली?"

"ते न्हाई ठावं. पत्र हाय, पर त्यात कंपनी-बिंपनी काय न्हाई." धुळ्यानं बैठकीखालून पत्र्याची डबी काढली. आत शेवटचं पत्र, घड्यांवर विरलेलं. मी वाचू लागले. खुशाली होती, थंडीचं वर्णन होतं, धुळ्याला ड्रायव्हिंग शीक म्हणून सांगितलं होतं. पुढची ओळ आली तसा धुळा घाईनं म्हणाला, "तेवढं सोडा, वैनी."

"का?"

तो मान खाली घालून म्हणाला, "त्येला तितं शेरडं राखाया लावलं हुतं. म्हणून लिवलंय. गावात त्येच्यावरनं लय हसत्यात. पलटणीत जाऊन बी शेरडंच राखली म्हणत्यात."

मी ती ओळ वाचली. "आई, काळजी करू नको. हितं बी मी बोकडामागंच हाय. बोकड डोंगर चढतोय आन मी त्याच्यामागं बसून हाय."

हवालदार ताडकन उठले. "परत वाचा."

मी परत वाचली.

"बसून हाय म्हणतोय! शेरडामागं कोन बसून र्‍हातं का रं? चालावं लागतं! आरं येड्या, ती बोकड कंपनी! त्येंच्या गाड्यांच्या डाव्या मडगार्डावर पांढरा बोकड काढलेला आसायचा, समोरनं वळखू यावा म्हणून. साठ-सत्तर गाड्या हुत्या. ड्रायव्हर बसतोय कुटं? बोकडाच्या मागंच की! थट्टा केलीया त्येनं, आन तुमी सहा वर्सं शेरडं मोजत बसलासा!"

सरकारचा बाण धुळ्यानं आपल्या मेंढरांचा मानला होता, आणि भावाच्या कंपनीचं चिन्ह खराखुरा बोकड धरून चालला होता. ज्या घराचा सगळा जन्म जनावरांच्या खुणांवर गेला, त्या घरानं खूण ओळखण्यातच दोनदा उलटं केलं होतं.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. हवालदारांनी एक बोथट सुरी आणली, रॉकेलची वाटी आणली, आणि धुळ्याला डाव्या मडगार्डाजवळ बसवलं. "तूच काढ. तुझा हात हलका हाय, ते मागचं खरवडलेलं बगितलंय मी. घाई करू नगं. निळा काढ, मग लिलावाआदी खूण झाकाया मारलेला हिरवा, आन पांढरं दिसलं की थांब."

धुळा काढू लागला. फडकं फिरवायचा, थांबायचा, सुरीची कड आडवी धरून पापुद्रा उचलायचा, फुंकर मारायचा. मेंढीची लोकर कातरताना कातडीला धक्का लागू नये म्हणून जपतात, तसं. हे माझ्याशेजारी उभे होते, बायडाबाई पदराला हात पुसत आल्या होत्या, आणि आम्ही चार माणसं एका जुनाट मडगार्डाकडे देव उघडा होतोय अशा नजरेनं पाहत होतो. निळा गेला. हिरव्यात नुसता हिरवाच. मला वाटलं, संपलं. आणि मग एक पांढरी वाकडी रेघ आली. तिच्याशेजारी दुसरी.

"शिंगं," बायडाबाई म्हणाल्या.

शिंगं, मग कपाळ, मग उचललेला पुढचा पाय. वीतभर जागेत एक बोकड चढावर उभा होता. रंग तडकला होता, मागचा अर्धा पाय गंजानं खाल्ला होता, पण तोंड शाबूत होतं, आणि ते वरच्या दिशेला होतं. जतच्या गल्लीत, आमच्या घागरींपुढे, हा इतके महिने निळ्या रंगाखाली चढत होता.

धुळ्यानं सुरी खाली ठेवली. "म्हंजे ही बिराप्पाची गाडी?"

"तसं म्हणता येणार न्हाई," हवालदार स्पष्ट बोलले. "साठ-सत्तरात कुठली त्येची, देव जाणे. कंपनी त्येची. एवढं खरं."

धुळ्यानं बोकडाच्या शिंगावरचा उरलेला पापुद्रा पुसला. मग सावकाश म्हणाला, "खूण मेंढराची नसतीच की, हवालदार. कळपाची आसती. ही त्येच्या कळपातली हाय."

मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी तो मुळात आमच्या दारात आला होता. "गाडी खाली आली. मग मानूस कुटं उतरला?"

हवालदार सोप्याच्या पायरीवर बसले. "आईक. वरची माणसं खाली आणायला ह्या गाड्या वर जायच्या. भरून यायच्या, रिकाम्या करून परत जायच्या. गाडी मोडली तर आमच्या दारात टाकायचे, पर डायव्हर थांबायचा न्हाई. च्या बी न पिता दुसऱ्या गाडीवर बसून परत वर. मग एक दिस वरचा रस्ताच तुटला. वर गेलेल्या त्या वरच र्‍हायल्या. तुझा भाऊ त्यात हुता का, मी छातीवर हात ठिवून सांगू शकत न्हाई. पर एक सांगतो. वर्कशॉपात समद्यांच्या भानगडी कळत्यात. बोकडवाल्यातला कुणी गाडी टाकून पळाला, हे मी कवा ऐकलं न्हाई. आईला सांग, हवालदार बनसोडेनं सांगितलंय म्हणून."

परतीच्या वाटेवर चढ आला की धुळा पुढे झुकून त्या मडगार्डाकडे एकदा पाहून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी तो हरणाबाईला घेऊन आला. काटकुळी बाई, कपाळावर हिरवं गोंदण, खांद्यावर घोंगडं. ती घरात यायच्या आधी गाडीपाशी गेली. बोकडाच्या तोंडावरून तिनं बोटं फिरवली, मग नाकाडावर तळहात ठेवला, आजारी जनावराचा ताप पाहावा तसा. ह्यांनी शाळेतला हिंदुस्थानचा नकाशा भिंतीला लावला होता. मी तिला दाखवलं, हे जत, आणि हे तेजपूर. तिनं वीत पसरून मोजलं. एक वीत, आणि दुसरी अर्धी.

"एवढ्या लांबनं आली ही? आन आमाला पानी पाजती?"

"हो."

"आन बोकडामागं म्हंजे हिच्यात बसून?"

"हो, आई. शेरडं नव्हती राखत तो. थट्टा केली होती तुमची."

ती हसली. सहा वर्षांपूर्वीच्या थट्टेला ती आत्ता हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. आम्ही कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही. मग डोळे कोरडे करून तिनं विचारलं, "वरची माणसं खाली आणाया गेल्ता, असंच म्हणाला न्हवं त्यो हवालदार?"

"गाड्या त्यासाठी जायच्या, असं म्हणाले. तुमचा मुलगा त्यातच होता, असं नाही सांगता आलं त्यांना."

"कळपातली एक गेली की समदी जात्यात," हरणाबाई म्हणाली. "धुळ्या, दगड बसव बापाशेजारी."

दगड बसवला त्या दिवशी आम्ही दोघंही गेलो होतो. गाडी बांधाच्या कडेला उभी होती. हरणाबाईनं दगडाच्या पाठीवर स्वतः कावेनं कावळपाय काढला. पाणवठ्यावर बोलणाऱ्या बायकाही आल्या होत्या. त्यांनी ओळीनं गाडीपाशी जाऊन बोकड पाहिला. एक म्हातारी कुजबुजली, "म्हंजे खरंच बोकडामागं हुता की गं!"

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा कडी वाजली. मी ओळखलं. धुळा मुंडासं हातात घेऊन उभा होता, पण या खेपेला माती उकरत नव्हता.

"वैनी, उद्या नानासो गाडीला नवा रंग देनार हायती. सगळी निळीच करायची म्हणत्यात. मी सांगून त्येंना पटायचं न्हाई. तुमी एक चिठ्ठी लिवून द्या. म्हणावं, डाव्या मडगार्डावर तेवढी वीतभर जागा सोडा."